औंधच्या राजाने काय सोडलं ते कधी मोजणार?

औंधला लोक जातात ते यमाईच्या दर्शनाला आणि हाताशी वेळ असेल तर डोंगरावरच्या म्युझियमला. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे, लोक बघतात, राजा मोठा रसिक होता म्हणतात आणि खाली उतरून गाडी पकडतात. मीही शाळेत असताना तसाच बघून आलो होतो. त्याच राजाने जानेवारी १९३९ मध्ये रीतसर कायदा करून आपली सत्ता रयतेच्या हातात दिली, आणि तो कायदा करायच्या आधी सेवाग्रामला गांधींजवळ बसून मसुद्यावर चर्चा झाली होती, हे मला कळलं तेव्हा माझी पंचविशी उलटून गेली होती. म्हणजे इतकी वर्षं मी त्या माणसाला त्याने जमवलेल्या वस्तूंवरून ओळखत होतो, त्याने सोडलं काय ह्याचा पत्ताच नव्हता. आणि मला वाटतं हे माझ्या एकट्याचं नाही, आपण सगळेच राजेरजवाडे असेच मोजतो, वाडा केवढा, हत्ती किती, सलामी किती तोफांची. राजा गेल्यावर रयतेच्या हातात काय उरलं हे कोणी विचारत नाही. मला ते विचारायचंय.

आधी औंधबद्दल सांगतो, कारण औंध म्हटलं की निम्म्या लोकांना पुण्यातलं आठवतं. हे सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. पंतप्रतिनिधींचं संस्थान, ७२ गावं, वस्ती ७५ हजाराच्या आसपास, आणि तीही एका जागी नाही. औंधचा तुकडा एकीकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूला, गुणदाळ तर पार विजापूरकडे, आणि मधे सगळा इंग्रजांचा नाहीतर दुसऱ्या कुठल्या संस्थानिकाचा मुलूख. पाऊस कमी, उत्पन्न बेताचं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ ला गादीवर आले. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्कारांचं तर त्यांना वेडच होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान ह्यांनीच दिलं आणि त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकर औंधला राहून वेदांचं काम करत होते. सगळं चांगलंच आहे हे, पण असे दानशूर, कलाप्रेमी राजे अजूनही बरेच होते. १९३८ ला जे झालं ते मात्र दुसऱ्या कोणी केलं नाही.

तो काळ जरा डोळ्यासमोर आणा. संस्थानी प्रजेची अखिल भारतीय परिषद १९२७ ला मुंबईत स्थापन झालेली, तेव्हापासून दहा वर्षं जागोजागी प्रजामंडळं जबाबदार राज्यपद्धती मागत होती, म्हणजे राजाचा कारभार लोकांनी निवडलेल्या माणसांना उत्तर देणारा हवा एवढीच मागणी. त्याला बहुतेक संस्थानांत उत्तर एकच होतं, जमावबंदी आणि तुरुंग. हैदराबादेत १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेस नीट जन्माला यायच्या आतच निजामाने तिच्यावर बंदी घातली, मग ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या कॉलेजातल्या पोरांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना बाहेर काढलं. राजकोटला तिथल्या राजाने, ठाकूरसाहेबांनी, सुधारणांचं कबूल केलं आणि मग शब्द फिरवला, त्यापायी मार्च १९३९ मध्ये गांधींना उपोषणाला बसावं लागलं. आणि नेमक्या ह्याच महिन्यांत, नोव्हेंबर १९३८ मध्ये, औंधच्या राजाने जाहीर केलं की आता राज्य लोकांनी करायचं. तेव्हा राजा सत्तरीचा होता. मुलगा आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून आलेला, हेच पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. आणि सोबत मॉरिस फ्रीडमन नावाचा माणूस, पोलंडचा ज्यू इंजिनियर, बंगलोरला म्हैसूर सरकारच्या वीज सामानाच्या कारखान्यात कामाला आलेला आणि इथल्या मातीत मिसळून गेलेला. ह्या तिघांनी मिळून आणि गांधींच्या सल्ल्याने ते संविधान तयार झालं.

त्याची रचना मला फार आवडते. सुरुवात वरून नाही, गावातून. गावाने पंच निवडायचे, गावोगावच्या पंचायतीतून तालुक्याचा कारभार उभा राहणार आणि तिथून वर संस्थानाचं विधिमंडळ. गावातले तंटे शक्यतो गावातच मिटवायचे, त्यासाठी तालुक्याला खेटे घालायचे नाहीत. कैद्यांचं पण बघा, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत त्याच काळात निघाली, तिथे गुन्हेगारांना बेड्या न घालता बायकापोरांसोबत शेती करत राहू दिलं. ह्यावरून पुढे व्ही. शांतारामांनी सहा कैद्यांचा तो गाजलेला सिनेमा काढला, कथा गदिमांची, ते माडगूळचे म्हणजे औंध संस्थानातलेच. सिनेमा सगळ्या देशाने पाहिला, आजही लोक त्यातलं गाणं म्हणतात, पण ती वसाहत ज्या राज्यात निघाली त्या राज्याने तेव्हा आपला राजाच निवृत्त केला होता हे किती जणांना माहिती आहे?

आता कोणी म्हणेल एवढंसं संस्थान, त्याचं काय कौतुक. मला उलट वाटतं. ७२ गावांत लोकांच्या हातात कारभार देऊन आभाळ कोसळलं नाही हे दिसलं, आणि हे त्या वेळी दिसलं जेव्हा इंग्रज जगाला सांगत होते की ह्या देशातल्या अडाणी खेडुताला राज्य करता येणार नाही, आणि आपलेही बरेच शिकलेले लोक मनातून तसंच मानत होते. पुढे १९४३ ला सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, त्याचं एक मोठं ठाणं कुंडल होतं, जी. डी. बापू लाड तिथलेच. कुंडल औंध संस्थानात होतं हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आपल्या गावचा निवाडा आपण करायचा, आपला पंच आपण निवडायचा, ही सवय ज्या गावाला चार वर्षं लागलेली असते ते गाव इंग्रजांची कचेरी झुगारून स्वतःचं न्यायमंडळ चालवायला घाबरत नाही. हे माझं मत आहे, पण प्रतिसरकारचा कारभार बघितला की ते मत पक्कं होत जातं.

मग ८ मार्च १९४८ ला औंध बाकीच्या दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झालं. विलीनीकरण बरोबरच होतं, ह्यात माझ्या मनात काही शंका नाही. साडेपाचशेच्या वर संस्थानं, कोणाची टपाल वेगळी, कोणाचा जकातनाका वेगळा, असा देश चालला नसता, आणि सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन ह्यांनी ते काम केलं नसतं तर आज आपण पासपोर्ट घेऊन कोल्हापूरला गेलो असतो. पण ह्या सगळ्या गौरवात एक गोष्ट आपण हिशोबात धरलीच नाही. बाकीच्या ठिकाणी विलीनीकरणात राजाची सत्ता गेली. औंधमध्ये राजाची सत्ता नऊ वर्षांपूर्वीच गेलेली होती, तिथे गेली ती गावाची सत्ता. कारभाराची दोरी मुंबईच्या सचिवालयात गेली, गावाच्या वर मामलेदार आला, प्रांताधिकारी आला, कलेक्टर आला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या १ मे १९६२ ला, म्हणजे १४ वर्षांनी, आणि संविधानात पंचायत राजला पक्की जागा मिळाली ती १९९३ ला. जे माणदेशातल्या दुष्काळी गावांनी १९३९ ला करून दाखवलं होतं ते आपण पुन्हा पहिल्यापासून शिकत बसलो. मला राजा गेल्याचं दुःख नाही, पंचायत गेल्याचं आहे.

आमच्याकडे जुनी माणसं एक वाक्य हमखास म्हणायची, राजाच्या काळात न्याय होता. पारावर, लग्नात, एसटीत, कुठेही निघतं हे. ते मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यांना जे आठवतं ते अगदीच खोटं नसतं. ओळखीचा माणूस गादीवर, वाड्याचा दरवाजा चालत जाण्याइतका जवळ, गेलं की कोणीतरी ऐकून घेणारं, आणि आत्ता एका दाखल्यासाठी पाच टेबलं. पण हा न्याय कोणाच्या भरवशावर होता हे बघायला हवं, आणि त्यासाठी बडोद्याइतकं चांगलं उदाहरण नाही. एकच गादी, एकच वाडा, एकच रयत. त्या गादीवर मल्हारराव होते, सोन्याच्या तोफा ओतवून घेणारे, आणि त्यांच्या कारभाराने लोक इतके गांजले की इंग्रजांना चौकशी कमिशन नेमावं लागलं. मग रेसिडेंट फेअरला, म्हणजे दरबारात बसवलेल्या इंग्रजांच्या अधिकाऱ्याला, विष घालण्याचा मल्हाररावांवर खटला, त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी पंच, त्यांच्यात एकमत झालं नाही, तरी १८७५ ला मल्हाररावांना गैरकारभारासाठी म्हणून काढलं. त्यांच्या जागी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याघरचं १२ वर्षांचं पोर दत्तक आलं, ते सयाजीराव. त्यांनी १८९३ ला अमरेलीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९०६ ला सगळ्या राज्यात केलं, नंतर गावोगाव वाचनालयं काढली. गोखल्यांनी १९११ ला इंग्रजांच्या कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण समोर होतं, तरी ते बिल पडलं. म्हणजे इंग्रजांनी जे नाकारलं ते एका मराठी राजाने गुजरातेत करून ठेवलं होतं. अभिमान वाटतो, वाटायलाच हवा.

पण त्यात बडोद्याच्या रयतेचा हात कुठे होता? मल्हारराव काढले इंग्रजांनी, सयाजीराव आणले आधीच्या राजाची विधवा राणी जमनाबाईंनी आणि इंग्रजांनी. पोर हुशार निघालं हे नशीब. रयतेला मल्हाररावही निवडता आले नव्हते आणि सयाजीरावही नाही. ज्या न्यायासाठी नशीब लागतं त्याच्यावर पिढ्या कशा काढायच्या? आणि चांगल्या राजाचा हुकूमही कुठपर्यंत पोचतो तेही त्याच बडोद्याने दाखवलं. सयाजीरावांनी १९१३ ला बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिन्याला साडेअकरा पौंड, हे मोठं काम आहे, ह्या एका गोष्टीसाठी देशाने त्यांचं देणं लागावं. तेच बाबासाहेब १९१७ ला करारानुसार बडोद्याला नोकरीला आले तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाइली टाकायचे, शहरात राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेत राहिले तर तिथून लोक काठ्या घेऊन हाकलायला आले. महाराज चांगले होते आणि राजधानीत हे होत होतं. कारण खालच्या कचेरीत कोण बसलंय, ह्याला राजाचा चांगुलपणा पुरत नाही.

शाहू महाराजांना हे कळलं होतं आणि म्हणून मला ते बाकीच्या राजांपेक्षा वेगळे वाटतात. १८९४ ला कारभार हातात घेतला तेव्हा कोल्हापूरच्या सामान्य प्रशासनात ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ चा हुकूम सगळ्यांना माहितीय, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना, आपण फ्लेक्सवर तो छापतो, पोस्ट टाकतो. पण त्या हुकुमाच्या शेवटी काय आहे ते कोणी छापत नाही. दर तिमाहीला प्रत्येक खातेप्रमुखाने किती नेमणुका केल्या आणि कोणाच्या केल्या ह्याचा तक्ता पाठवायचा, असं त्यात आहे. मला विचाराल तर सगळं शहाणपण त्या तक्त्यात आहे. नुसता हुकूम काढून राजा झोपला असता तर खालच्यांनी तो फायलीत गाडला असता. बरं नेमायला शिकलेली माणसं कुठून आणायची, तर त्याआधीच वसतिगृहं सुरू केली, एकेका जातीची, एकेका धर्माची, आणि १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना १ रुपया दंड ठेवला. १९१८ ला कुलकर्णी वतनं, म्हणजे गावचं दप्तर सांभाळायचा पिढीजात हक्क, मोडून पगारी तलाठी आणले. मार्च १९२० ला माणगावला तरुण बाबासाहेबांच्या अस्पृश्य परिषदेला स्वतः गेले आणि त्या समाजाला तुमचा पुढारी तुम्हाला सापडला असं सांगून आले. म्हणजे मीच तुमचा तारणहार, असं म्हणायच्या ऐवजी पुढारी त्यांच्यातलाच असू दे म्हणणारा राजा. १९२२ ला गेले तेव्हा वय ४८ पण पूर्ण नव्हतं.

पण शाहू महाराजांनीही विधिमंडळ दिलं नाही, सत्ता शेवटपर्यंत गादीपाशीच राहिली. हे बोललं की लोकांना राग येतो, मला माहिती आहे. त्यांच्यापुढची अडचण मी समजू शकतो, तेव्हा मतदान दिलं असतं तर शिकलेले मूठभरच पुन्हा निवडून आले असते आणि ते स्वतः त्याच भीतीने आधी शाळा, मग सत्ता म्हणत होते. तो युक्तिवाद त्या काळाला धरून आहे. तरी म्हणूनच औंधची आठवण जास्त गरजेची आहे, कारण कोल्हापूर जिथे थांबलं त्याच्या पुढचं पाऊल ह्या शेजारच्या छोट्या राज्याने टाकलं. शाळा आणि मताचा हक्क दोन्ही हवं, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात हे सगळे राजे इंग्रजांचे बाहुले, कशाला उगाळायचं. ह्यांच्याशी पण माझं भांडण आहे. बहुतेक बाहुले होते हे खरंच. पूर्वी राजा फार माजला तर सरदार फिरायचे, शेजारचा टपलेला असायचा, आणि रयत रातोरात गाव सोडून परमुलखात निघून जायची, मग सारा कोणाकडून घेणार, त्यामुळे राजाला थोडी तरी जरब असायची. तैनाती फौज आली आणि ती जरबच गेली. बंड झालं तर मोडायला इंग्रजांची पलटण तयार, शेजारी हल्ला करणार नाही, मग राजाला भ्यायचं कोणाला, एका रेसिडेंटला. तो खूश तर सगळं खूश. इंदूरच्या तुकोजीरावांना १९२६ ला गादी सोडावी लागली ती मुंबईत मलबार हिलवर इंदूरच्या माणसांनी बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून केला म्हणून, इंदूरच्या रयतेने जाब विचारला म्हणून नाही. पण ज्या व्यवस्थेत राजाला रयतेसाठी काहीच करायची गरज नव्हती तिथे ज्यांनी केलं त्यांनी ते का केलं, कसं केलं, ह्याचा अभ्यास करायला नको? सगळ्यांना एका पोत्यात घातलं की बाहुला आणि माणूस ह्यातला फरकच कळेनासा होतो.

तनख्यांचंही थोडक्यात सांगतो. विलीन होताना संस्थानिकांना तनखे, म्हणजे सरकारकडून दरवर्षी ठरलेली रक्कम, कबूल केले होते, हैदराबादला वर्षाला ५० लाख, आणि सौराष्ट्रातल्या कटोडियाला वर्षाला १९२ रुपये. १९७० ला ते रद्द करायचं बिल राज्यसभेत अगदी थोडक्यात पडलं, मग राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो सुप्रीम कोर्टाने फेटाळला, शेवटी डिसेंबर १९७१ ला २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे आणि मान्यता दोन्ही संपले. दिलेला शब्द मोडला गेला ही गोष्ट मला खुपते, पटेलांनी संविधान सभेत त्या शब्दाची बाजू घेतली होती. तरी गणराज्यात जन्मावरून कोणाला सरकारी पैसा मिळू नये हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कायद्याने १९७१ ला राजे संपले पण आपल्या मनात संपले नाहीत. अजून कुठल्या घराण्यातला आहे हे कळलं की आपला आवाज खाली येतो, तिकीट वाटपात ते धरलं जातं, आणि कुठल्या राजाबद्दल काही वाचायचं म्हटलं तर समोर येतात तलवारीचे रील आणि राजवाड्याचं हॉटेल झालेल्याचे फोटो.

म्हणून शाळेत संस्थानांचा इतिहास शिकवा असं मी म्हणतो, पण राजवंशाचे सन पाठ करायला लावून नाही. प्रत्येक तालुक्यातल्या पोराला एवढं तरी कळू दे की आपलं गाव १९४८ आधी कोणाच्या राज्यात होतं, सारा किती होता, शाळा कधी आली, पहिलं मतदान कधी झालं आणि त्यात आपल्या आजीला मत होतं का. मराठवाड्यातल्या पोराचं उत्तर वेगळं येईल, सांगलीच्या पोराचं वेगळं, सावंतवाडीच्या पोराचं वेगळं, आणि तेच तर हवंय. संस्थानांची जुनी दप्तरं पडून आहेत, बरीचशी मोडी लिपीत, कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत, पुण्यात आहेत, बडोद्यात आहेत. मोडी वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि पुतळ्यासाठी जेवढी वर्गणी एका आठवड्यात जमते तेवढ्यात एका तालुक्याचं दप्तर स्कॅन होऊन जाईल.

आणि औंधच्या त्या ७२ गावांसाठी माझं एक मागणं आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा असतेच, झेंडावंदन होतं, भाषणं होतात. त्या दिवशी १९३९ चं ते संविधान काढा आणि मोठ्याने वाचा, म्हाताऱ्यांना पुढे बसवा, पोरांना बसवा, सरपंचांनाही बसवा. वाचून झालं की गावच्या ओढ्यावरचा बांध दुरुस्त करायचा तर तेव्हा कोणाची सही लागत होती आणि आता कोणाकोणाची लागते, हे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि तो कागद पंचायतीच्या भिंतीवर लावा.